डिकीवरचा पंख आणि काचेवरचा चिखल

प्रश्न : नुकतीच एक वापरलेली सेदान घेतली. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. गाडी दारात लागल्यापासून त्यांचा एकच हट्ट, डिकीवर मोठा स्पॉयलर, म्हणजे पंखासारखी पट्टी, बसवायचा. त्यानं हायवेला गाडी रस्त्याला चिकटून पळते आणि ॲव्हरेजही वाढतं, असं ॲक्सेसरीजवाल्यानं त्याच्या डोक्यात भरवलंय. मला ही निव्वळ शायनिंग वाटते. पण शेजाऱ्यांच्या हॅचबॅकला कंपनीनंच स्पॉयलर दिलाय, मग कंपनी काय वेडी आहे? घरात रोज वाद चालू आहे. एकदाचा निकाल द्या.
(एक वाचक, कराड)

उत्तर : निकाल देतो, पण तो बाप-लेक दोघांनाही पुरता आवडणार नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरचा स्पॉयलर काम करतो, थोडंसं का होईना. तुमच्या डिकीवर बसू घातलेला करणार नाही.

आधी शेजाऱ्यांचं बघू. हॅचबॅकचं छप्पर मागे येतं आणि काचेपाशी एकदम खाली उतरतं. छपरावरून आलेल्या हवेला इतकं अचानक वळता येत नाही, ती गाडीचं अंग सोडते. मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पोकळ भाग तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढत राहतो. छपराची कड गोलसर असेल तर हवा ती कड धरून वळायला बघते आणि अर्ध्यात सुटते. कधी इथे, कधी तिथे. छप्पर जरासं लांबवून धारदार कडेनं संपवलं की हवा एकाच जागी स्वच्छ सुटते आणि मागची पोकळी आटोक्यात राहते. शेपूट लांबच लांब निमुळती करत नेण्याऐवजी योग्य जागी सरळ कापली तरी बराचसा फायदा मिळतो, हे जर्मनीत वुनिबाल्ड काम नावाच्या अभियंत्यानं 1930 च्या दशकातच दाखवून दिलं होतं. छपराच्या टोकाचा तो वीतभर तुकडा म्हणजे तीच विद्या.

आता आकडे, कारण दुकानदार ते कधी सांगत नाही. साधारण हॅचबॅकला ताशी 100 किलोमीटरला हवेचा विरोध असतो 33 किलो वजनाइतका. टायरच्या घरंगळण्याचा विरोध 12 किलोच्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ताशी 30 ला तो जेमतेम 3 किलो उरतो. टायरचा मात्र तेवढाच राहतो. चांगल्या स्पॉयलरनं हवेचा विरोध तीन टक्क्यांनी कमी झाला असं धरा. शंभरच्या वेगाला एक किलो वाचला. एकूण 45 मधून एक, म्हणजे 20 चं ॲव्हरेज देणारी गाडी 20.4 देईल. तेही कराड ते पुणे सरळ शंभरनं गेलात तर, आणि तसं कोण जातं? कराडच्या बाजारपेठेत फिरताना फायदा शून्य. कंपनीला मात्र हे चार दशांश हवे असतात, कारण तिला लाखो गाड्या विकायच्या असतात. शिवाय त्याच तुकड्यात वरचा ब्रेकलाइट बसतो, काच धुण्याची पिचकारी बसते. 2023 च्या टाटाच्या नव्या नेक्सॉनमध्ये तर मागचा वायपरच स्पॉयलरखाली लपवलाय. आणि हो, गाडी दिसायलाही बरी दिसते. कंपनीचा हिशोब एवढ्यात सुटतो.

आता तुमची सेदान. चिरंजीवांचा 'चिकटून पळण्याचा' मुद्दा अगदीच हवेतला नाही. छपराच्या फुगवट्यावरून हवा वेगानं जाते, तिथला दाब घटतो आणि गाडीची मागची बाजू किंचित उचलली जाते. किती? शंभरच्या वेगाला साधारण 12 किलो. तुमच्या मागच्या चाकांवर मुळात चारशेच्या वर किलो भार आहे. त्यातले बारा परत मिळवण्यासाठी पंख कशाला, सासुरवाडीहून येताना डिकीत तांदळाचं पोतं टाका, दुप्पट मिळतील!

ताशी 200 ला हेच 12 किलो चौपट होतात, आणि तिथे गोष्ट गंभीर होते. 1998 साली आलेली पहिली ऑडी टीटी आठवते का? पुढून-मागून सारखीच गोल, देखणी गाडी. जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गांवर, फार मोठ्या वेगात लेन बदलताना वा वळण घेताना तिचे अपघात झाले, माणसं दगावली. कंपनीनं विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा दिली आणि डिकीच्या कडेवर एक छोटासा स्पॉयलर बसवला. त्याच्याही आधी, 1972 च्या ऑक्टोबरात पोर्शनं पॅरिसच्या प्रदर्शनात 911 करेरा आरएस आणली, बदकाच्या शेपटीसारखं मागचं झाकण वर वळवून. शर्यतीत उतरायला नियमाप्रमाणे 500 गाड्या विकणं भाग होतं, म्हणून ती शेपटी रस्त्यावर आली, आणि लोकांना इतकी आवडली की दीड हजारांवर गाड्या खपल्या. फॅशन तिथून पसरली म्हणायला हरकत नाही. पण लक्षात घ्या, त्या गाडीचं इंजिन मागे, ओढ मागच्या चाकांना, आणि मागे शेपटी दिली तेव्हा पुढच्या बंपरखालीही स्पॉयलर दिला होता. तोल दोन्हीकडून सांभाळला.

तुमच्या गाडीत इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, स्टिअरिंग तिथेच आणि ब्रेकचं निम्म्याहून जास्त काम तिथेच. डिकीवरचा पंख मागच्या आसाच्याही मागे असतो. तो खरंच खाली दाबू लागला तर तरफेसारखं होऊन गाडीचं नाक हलकं होईल, म्हणजे जिथे पकड हवी तिथलीच कमी! सुदैवानं दुकानातला पंख तेवढंही करत नाही. त्याचा कोन तुमच्या गाडीवर कुणी तपासलेला नसतो. मागच्या काचेवरून हवा खाली घसरत येते, आणि पंख उंचीला कमी असल्यानं त्याच हवेत अडकून नुसता अडथळा होतो. ॲव्हरेज वाढणं सोडाच.

मी गाड्यांच्या चाचणीत नोकरी काढली. गाडीला हवेचा विरोध किती, हे रस्त्यावर मोजायची पद्धत सोपी आणि कंटाळवाणी असते. लांब सपाट ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि ती कशी मंदावते ते मोजत बसायचं. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणजे वाऱ्याचा हिशोब कटतो. इंदूरजवळ पीथमपूरला आता 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक झालाय. आमच्या वेळी असं काही नव्हतं. या चाचणीत खिडकी चार बोटं उघडी राहिली तरी फेरी बाद व्हायची. टपावरचं रिकामं कॅरिअर तर आकडे सरळ बिघडवायचं. तेव्हा तुमच्या टपावर कॅरिअर असेल तर ते आजच काढून माळ्यावर टाका. कुठल्याही स्पॉयलरनं मिळेल त्याहून जास्त त्यात मिळेल, आणि तेही फुकट.

एवढं सांगूनही हौस असेल तर असू द्या, हौसेला मोल नाही. पण डिकीच्या झाकणाला ड्रिल मारू देऊ नका. भोकाच्या कडेचा रंग उडतो, पावसाळ्यात पाणी आत उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं; गंज तिथून सुरू. वजनदार पंख लावला की झाकण वर उभं राहत नाही, सामान काढताना डोक्यात येतं. आरशातून मागचं दिसणं कमी होतं ते वेगळंच. कडेनं चिकटवायची बोटभर उंचीची पट्टी मिळते, ती लावा. आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर ठोकर बसल्यावर त्याचे पैसे मिळायचे नाहीत.

चिरंजीवांसाठी एक काम. आईकडून लोकरीचा उरलेला गुंडा घ्या, वीतभर लांबीचे तुकडे करा आणि मागच्या काचेवर व डिकीवर ओळीनं चिकटपट्टीनं लावा. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगानं गाडी न्या, शेजारच्या गाडीत बसलेल्या मित्रानं (चालवणाऱ्यानं नव्हे) शूटिंग करावं. जिथे धागे सरळ मागे लोळतात तिथे हवा अंगाला धरून आहे. जिथे गरगरतात, उलटे उभे राहतात, तिथे सुटलीय. पंख लावून पुन्हा बघा. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणूनही खपेल.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला स्पॉयलर आहे, तरी पावसाळ्यात मागची काच दहा मिनिटांत चिखलानं भरते. भावाच्या सेदानची काच मात्र स्वच्छ असते, आणि तिला वायपरसुद्धा नाही! स्पॉयलर चुकीचा बसलाय का?
(एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : नाही हो, बरोबर बसलाय. वर सांगितलेली पोकळी तुम्हाला काचेवर रंगवलेली दिसतेय. चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी त्या पोकळीत ओढलं जातं, भोवऱ्याबरोबर वर चढतं आणि काचेवर बसतं. भावाच्या गाडीत हवा उतरत्या काचेला धरून डिकीच्या टोकापर्यंत जाते आणि मग सुटते. त्याची नंबरप्लेट बघा, चिखल तिथे असेल. म्हणून तर हॅचबॅकला मागे वायपर देतात आणि सेदानला बहुधा देत नाहीत. छपरावरची हवा काचेवर खाली वळवणाऱ्या पट्ट्या काही जुन्या स्टेशनवॅगनना असत. काच स्वच्छ राहायची, पण गाडीला हवेचा विरोध वाढायचा. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. वायपरचं रबर मृगाआधी बदला आणि पिचकारीच्या टाकीत पाणी ठेवा.

प्रश्न : समृद्धीवर 120 ला गाडी आडव्या वाऱ्यानं हलते, ट्रकला ओलांडताना तर जास्तच. स्पॉयलर लावून फरक पडेल?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : पडणार नाही. आडवा वारा कुशीवर बसतो, त्याला मागचा पंख काय करणार? ट्रकच्या मागून बाहेर आलात की आडोसा जातो आणि वारा एकदम लागतो. तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर, झटका नको. शंभरवर आलात तर वाऱ्याचा जोर तुमचा तुम्हालाच कमी जाणवेल. टायरमधली हवा सकाळी गार असताना तपासा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला असतो. टायरच्या कुशीवर चार आकडेही सापडतील. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. इतका जुना टायर त्या काँक्रीटवर उन्हाळ्यात 120 नं पळवू नका. स्टेपनीवरचे आकडेही वाचा, ती बहुतेक सगळ्यांत म्हातारी असते.