मादी दिसली नाही तरी तिच्यासाठी थांब

प्रिय मित्रा,

ब्लॅक ग्राउज या माळरानातल्या पक्ष्याच्या नरांचा विणीच्या काळातला नाच बघायला एप्रिलअखेरीस उत्तर इंग्लंडात जातो आहेस, हे वाचून फार आनंद झाला. टीसडेलच्या वरच्या भागात, लँग्डन बेकच्या आसपास, रस्त्यावर गाडीत बसूनही हे नर दिसतात. गाडी हेच तुझं लपणगृह. सूर्योदयाच्या तासभर आधी पोहोच, दिवे आणि इंजिन बंद कर आणि मग दार उघडूच नकोस. पक्ष्यांपासून किमान १०० मीटर अंतर हवं.

अंधारातच आवाज सुरू होतो. उकळत्या पाण्यासारखी अखंड घुमघुम, आणि मधूनच फिस्कारा. उजेड वाढला की डोळ्यांवरचे लालभडक फुगीर पट्टे दिसतात, बाहेर वळलेली काळी शेपटी आणि तिच्याखालची पांढरी पिसं. नजर तिथेच खिळणार, ते साहजिकच आहे.

पण नर जिथे जमून नाचतात त्या मैदानात जे ठरायचं असतं ते मादी ठरवते. तपकिरी, गवतात मिसळून गेलेली, ती कडेला उभी असेल आणि तुला कळणारही नाही. माद्या तिथे येतात त्या मोजक्याच सकाळी, मुख्यतः एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला. म्हणजे नेमकं तू जाणार तेव्हाच. बहुतेक जणी मैदानातल्या एकदोन वरचढ नरांनाच निवडतात. त्यानंतर जमिनीवरचं घरटं, साडेतीनेक आठवडे अंडी उबवणं, पिल्लं, सगळं तिचं एकटीचं. तू एक पाऊल बाहेर टाकलंस आणि ती उडाली, तर तिच्या हातातल्या थोडक्या सकाळींपैकी एक गेली. २००५च्या गणनेत सगळ्या ब्रिटनमध्ये नाचणारे नर अंदाजे ५,१०० निघाले होते. इतक्या विरळ पक्ष्याला एकेक सकाळ महत्त्वाची असते.

म्हणून कंटाळा आला, थंडी वाजली, तरी मध्येच निघू नकोस. पक्षी आपणहून पांगले की मगच गाडी सुरू कर. थर्मास आणि जाड पांघरूण जवळ असू दे. शेजारच्या गाडीतून कुणी कॅमेरा घेऊन उतरलं, तर त्याच्या मागे जायचं नाही. फोटोच्या बाबतीत मी कडक आहे. गाडीच्या खिडकीतून मिळेल तेवढाच फोटो आपला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर कधीच नको.

नंतर माळावर फिरलास तर पायवाट सोडू नकोस, सोबत कुत्रा असेल तर तो साखळीलाच हवा. एखादं अप्रसिद्ध मैदान सापडलं तर त्याचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकू नकोस. तिथल्या पक्षीगणना करणाऱ्यांना कळव, त्यांना त्या नोंदीचा खरा उपयोग होतो.

आणि या खेपेला धुक्यात काहीच दिसलं नाही तर ऑक्टोबरात पुन्हा जा. नर शरद ऋतूतही थोडाफार नाचतात, आणि तेव्हा विणीचा काळ नसतो. अंतराचा नियम तेव्हाही तोच.

कसं झालं ते सविस्तर लिही.