व्हायलवरचं प्लॅस्टिक सोलू नका

कोथरूडच्या एका केमो (कॅन्सरवरची औषधं देणाऱ्या) डे-केअरमध्ये नुकत्याच लागलेल्या फार्मासिस्ट ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: काही व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या, साध्या काचेच्या येतात, तर काहींवर पारदर्शक प्लॅस्टिकची घट्ट स्लीव्ह आणि बुडाला प्लॅस्टिकची वाटी असते. या स्लीव्हवाल्या व्हायल फ्रिजमधल्या ट्रेत मावत नाहीत, म्हणून सिस्टर स्लीव्ह सोलून ठेवतात. डॉक्टरांचं म्हणणं, खोक्यातून येतंच आहे, वर आणखी अंगरखा कशाला? सोललं तर चालेल का?

नाही चालणार. मी १९ वर्षं हॉस्पिटल फार्मसीत काढली, त्यातली बरीचशी केमोच्याच खोलीत. सुरुवातीला मीही अशा स्लीव्ह सोलल्या आहेत, तेव्हा सिस्टरना बोल लावायचा मला अधिकार नाही.

सगळ्यांना वाटतं की ती स्लीव्ह काच फुटू नये म्हणून आहे. ते अर्धंच खरं. परदेशात कंपनीतून नुकत्याच आलेल्या, सीलबंद व्हायलच्या बाहेरच्या काचेवरून पुसून घेतलेले नमुने अनेकदा तपासले गेले आहेत आणि त्यात औषधाचा अंश सापडला आहे. गळती नाही, तडा नाही, तरीही. कारण साधं आहे. भरताना पावडर उडते, थेंब शिंतडतो आणि तो काचेला धरून बसतो. काही कंपन्या सील केल्यावर व्हायल बाहेरून धुतात, काही धुऊन वर स्लीव्ह चढवतात. म्हणजे धुऊनही जे काचेवर उरलं असेल ते स्लीव्हखाली झाकलेलं असतं, आणि सोलणारा हात नेमका त्याच काचेला लागतो. शिवाय स्लीव्ह गेली की बुडाची वाटीही सुटते. मग राहिलं काय?

आणि हे औषध म्हणजे क्रोसिन नव्हे. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसच्याच कुळातलं. रुग्णाला ते मोजून, गरजेपोटी देतात. तुम्हाला आणि सिस्टरना ते रोज, न मोजता, विनाकारण मिळणार. गरोदर बाई स्टाफमध्ये असेल तर तिला या कामातून बाजूला ठेवा, त्यावर चर्चाच नको. कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवलंय की अशा औषधांची खोकी उघडतानासुद्धा ग्लव्हज हवेत. आपल्याकडे ग्लव्हज आठवतात ते सिरिंज हातात घेतल्यावर.

आता फुटण्याबद्दल. एकदा एका एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, लाल पाणी भरलेल्या डेमोच्या व्हायल दिल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्या टेबलावरून शहाबादी फरशीवर सोडून पाहिल्या. साधी व्हायल पहिल्याच फटक्यात गेली, तुकडे थेट कपाटाखाली. स्लीव्हवाली बुडावर पडली आणि चक्क उडी मारून आडवी झाली, ओरखडाही नाही. मग एकाने मुद्दाम तोंड खाली करून सोडली. काच तडकली, पण तुकडे स्लीव्हच्या आतच राहिले. मात्र थोड्या वेळाने ॲल्युमिनियमच्या सीलखालून गळ्याभोवती लाल रेघ उमटली. स्लीव्ह काच धरून ठेवते, पाणी अडवेलच असं नाही. केमोच्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन मुळातच लाल असतं, त्याची गळती डोळ्यांना दिसते तरी. सिस्प्लाटिन पाण्यासारखं, काही कळत नाही.

म्हणून बाहेरचं पॅकिंगही बघा. माझा धडा सिंहगड रोडवरचा. डिलिव्हरीच्या मुलाने पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवली होती आणि वाटेत किती स्पीडब्रेकर ते मोजायलाच नको. थर्माकोलचा बॉक्स उघडला तर कार्टनचा कोपरा मऊ. मी म्हटलं, गारव्यासाठी ठेवलेल्या जेल पॅकचं पाणी सुटलं असेल, आणि बोटाने चाचपून पाहिलं. उघड्या बोटाने! आत एक व्हायल गळ्याशी तडकलेली निघाली. तेव्हापासून सप्लायरला दोन गोष्टी लिहूनच दिल्या: कार्टन झिपच्या पिशवीत बंद हवं, आणि जेल पॅक त्याला चिकटून नको. पिशवी असली की ओल आतली की बाहेरची हे न उघडताच समजतं. आत ओल दिसली तर ती गळतीच धरा आणि पिशवी उघडू नका.

फुटलीच, तर माणसं बाजूला काढा. ग्लव्हजचे दोन जोड, गाऊन, मास्क. ओल कडेकडून मध्याकडे टिपा, काच सुपलीने उचला, मग साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसा. सॅनिटायझर मारू नका, अल्कोहोलने हे औषध मरत नाही, फक्त पसरतं. सगळा ऐवज सायटोटॉक्सिकचं (पेशींना मारक औषधाचं) चिन्ह असलेल्या पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो १२०० अंशांच्या वर जाळावा लागतो, तेव्हा साध्या कचऱ्यात मिसळलं तर तुमचं सेंटर अडचणीत येईल. वापरून झालेली व्हायलही स्लीव्हसकट त्याच पिशवीत.

डॉक्टरांना स्लीव्हचा जास्तीचा खर्च दिसतो. त्यांना एका फुटलेल्या व्हायलची किंमत आणि त्या दिवशी परत पाठवलेला रुग्ण, एवढंच सांगा. माझ्या डॉक्टरांना तेवढं पुरलं होतं.

राहिला ट्रे. आधी फ्रिजमध्ये काय ठेवताय ते बघा. सिस्प्लाटिन तिथे असेल तर काढा, गारठ्याने त्याचे खडे होतात. तेवढी जागा तशीच सुटेल. कार्टन फेकू नका, त्याने उजेड अडतो. उरलेल्यांसाठी बोहरी आळीत उंच काठाचे प्लॅस्टिकचे ट्रे मिळतात, ते आणून खालच्या कप्प्यात ठेवा. फक्त मापाला व्हायल पर्समध्ये टाकून नेऊ नका, कार्टनवर पट्टी लावून आकडा लिहून न्या.