पार्टी पुण्याची, सुरतची. केस मात्र आपल्या गावात: व्यापाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

कोल्हापुरात वकिली करतो, सगळी कामं धंद्यातलीच, म्हणजे वसुली, करार, पार्टनरशिप, ट्रेडमार्क असली. प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेतो. नावं कुणाचीच देत नाही आणि रकमा थोड्या बदलल्यात.

प्रश्न: वकीलसाहेब, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पुण्याच्या एका कंपनीकडं कास्टिंगचे १९ लाख सात महिने अडकलेत. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ९० दिवसांचं क्रेडिट आणि खाली बारीक अक्षरात 'पुणे ज्युरिस्डिक्शन', म्हणजे वाद झाला तर केस पुण्याच्या कोर्टात, असं छापलंय. आता म्हणतात मालात ब्लो होल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) होते. पुण्याचा वकील बघावा लागणार का?

नाही लागणार, निदान सुरुवातीला तरी नाही. पहिलं सांगा, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, आहे का आणि ते माल पाठवायच्या आधीचं आहे का? असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉलमध्ये बसत असाल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूनं उभा आहे. १ एप्रिल २०२५ पासून स्मॉलची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी टर्नओव्हर झालीय, त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच फाउंड्र्या त्यात येतात.

या कायद्यात क्रेडिट जास्तीत जास्त ४५ दिवसांचं, पीओवर ९० छापा नाहीतर १२०, त्याला अर्थ नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढं व्याज लागतं, ते पण रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. ब्लो होलचं म्हणाल तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली होती का? नसेल तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो, पाच महिन्यांनी पैसे मागितल्यावर आठवलेला ब्लो होल फारसा टिकत नाही. पण तुमच्याकडं डिलिव्हरी चलनावर त्यांच्या गेटचा सही-शिक्का पाहिजे, आणि इथंच आपली माणसं कमी पडतात, चलन ड्रायव्हरच्या खिशातच राहतं.

आता गावाचा मुद्दा. याच कायद्यात लिहिलंय की सप्लायर ज्या फॅसिलिटेशन कौन्सिलच्या (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाच्या) हद्दीत आहे त्या कौन्सिलला अधिकार, खरेदीदार देशात कुठंही असो. म्हणजे पुणे ज्युरिस्डिक्शनचं कलम फॅसिलिटेशन कौन्सिलच्या आड येत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, आधी समेटाचा प्रयत्न आणि नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत पण प्रत्यक्षात जास्त लागतात, खोटी आशा देणार नाही. तरी निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला आव्हान द्यायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळं बऱ्याच कंपन्या तिथंच बोलायला तयार होतात.

उद्यम नंतर काढलं असेल तर अवघड आहे. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं की रजिस्ट्रेशनचा फायदा त्यानंतरच्या मालालाच. जानेवारी २०२५ मध्ये रजिस्ट्रेशन कधीचं पाहिजे हा मुद्दा मोठ्या बेंचकडं पाठवलाय, पण त्या भरवशावर राहू नका, उद्यम आजच काढा, फुकट आहे.

प्रश्न: इचलकरंजीत कापडाचा ट्रेडिंगचा धंदा आहे. सुरतच्या पार्टीचा ६ लाख ४० हजाराचा चेक परत आला, आज २२ दिवस झाले. पार्टी म्हणते सणापर्यंत थांबा. जुने संबंध आहेत. थांबू का?

थांबा, पण नोटीस पाठवून थांबा. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला पाहिजे, म्हणजे तुमच्या हातात आठ दिवस आहेत आणि ही मुदत कोर्ट वाढवून देत नाही. सण येईल आणि जाईल, कलम १३८, म्हणजे चेक परत आल्याची फौजदारी केस, हातातून सुटलेलं असेल. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो परत भरता येतो आणि परत आला की नव्यानं ३० दिवस मोजता येतात, पण ती शेवटची सोय समजा. नोटिशीत चेकची रक्कम अचूक लिहा, वरचं व्याज मागायचं असेल तर वेगळं दाखवा, दोन्ही एकात मिसळलं तर नोटीसच बाद होऊ शकते. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात फिर्याद.

आणि सुरतला जायची गरज नाही! ऑगस्ट २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं चेक ज्या बँकेवर काढलाय तिथंच केस असं ठरलं होतं, तेव्हा इथल्या कितीतरी फाइली परत घेऊन परगावी न्याव्या लागल्या, व्यापारी रडकुंडीला आले होते. २०१५ मध्ये कायदा बदलला. आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस. तुमच्यासाठी इचलकरंजी.

वरचा ४५ दिवसांचा रस्ता मात्र तुम्हाला नाही. उद्यममध्ये २०२१ पासून ट्रेडर्सना घेतलंय पण ते बँकेच्या कर्जापुरतंच. हा फरक सांगितला की माणसं नाराज होतात, मला स्वतःलाही तो बरोबर वाटत नाही, पण आज कायदा असाच आहे.

प्रश्न: सांगलीत हळदीचा धंदा आहे, वडील आणि त्यांचे मित्र दोघांची भागीदारी. जीएसटी नंबर आहे, स्टॅम्पवर डीड आहे. एका गिऱ्हाईकाकडून ११ लाख यायचेत. वकील म्हणाले फर्म रजिस्टर नाही म्हणून दावा चालणार नाही. जीएसटी असताना असं कसं?

ताई, तुमचे वकील बरोबर सांगताहेत. जीएसटी वेगळं, शॉप ॲक्ट वेगळा आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची नोंद वेगळी. १९३२ च्या पार्टनरशिप कायद्यात नोंद नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा करता येत नाही, उलट बाहेरचा माणूस फर्मवर दावा करू शकतो. आधी नोंद करा मग दावा टाका, पण बिलाच्या तारखा बघून घ्या कारण मालाच्या पैशाला तीन वर्षांची मुदत आहे. मुदत संपत आली असेल तर गिऱ्हाईकाकडून येणं बाकी आहे असं सहीनिशी लिहून घ्या, मुदत संपायच्या आत घेतलं तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. रक्कम ३ लाखांच्या वर म्हणजे हा कमर्शियल दावा, तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी मिडिएशनला जावंच लागतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. माझ्या बघण्यात बरीच प्रकरणं तिथंच मिटलीत.

भागीदारांचं आपसात फाटलं तर हिशेबाचा दावा नोंद नसतानाही चालतो. महाराष्ट्रानं १९८४ मध्ये तोही दरवाजा बंद केला होता, सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

प्रश्न: गावाकडची कमर्शियल फर्म कशी निवडायची? कोण कशात चांगलं आहे ते कुठंच लिहिलेलं नसतं.

लिहिलेलं नसतं कारण बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला जाहिरात करता येत नाही. वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं टाकायला २००८ पासून परवानगी आहे. म्हणून समोर बसून विचारा: गेल्या वर्षी माझ्यासारख्या धंद्याची किती कामं केली? करार कोण वाचणार, तुम्ही स्वतः का ज्युनियर? फी टप्प्यानं का एकदम? ज्याला फाउंड्रीचं रिजेक्शन म्हणजे काय, हळदीचा सौदा कसा होतो, यंत्रमागाच्या बिमाचं जॉबवर्क काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही तो तुमचे कागद पटकन वाचतो, आणि जवळच्या फर्मची खरी ताकद हीच.

सगळं इथं होत नाही हेही खरं. एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण, मुंबईत आहे, तिथं बाहेरची मदत घ्यावीच लागते आणि चांगला वकील ते आधीच सांगतो. पण हायकोर्टासाठी आता मुंबई नको. कित्येक वर्षं आम्ही रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचो, सकाळी उतरून हायकोर्टात, आणि पाच मिनिटांत पुढची तारीख. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्या दिवशी बारमधल्या जुन्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

एक काम मात्र या आठवड्यात कराच. तुमच्या बिलाच्या खाली कुठल्या गावाचं ज्युरिस्डिक्शन छापलंय बघा. ज्या दोन गावांत दावा चालू शकतो त्यातलं एक कराराने ठरवता येतं, आणि 'फक्त' हा शब्द नसला तरी ते बंधनकारक ठरू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय. पार्टीच्या पीओवर त्यांचं गाव असेल तर ऑर्डर घेतानाच ईमेल करून आपलं गाव घालून मागा. दहातले तीनजण जरी हो म्हणाले तरी त्या तिघांच्या केसला तुम्हाला गाव सोडावं लागणार नाही.