नॉर्वेतल्या ओलेसुंदला पहिल्यांदाच जाताय?

क्रूझवरून उतरून दोन तासांत ओलेसुंद उरकू नका, निदान एक मुक्काम कराच. आधी अक्स्ला टेकडीच्या 418 पायऱ्या चढा. वरून बेटांवर पसरलेलं अख्खं गाव दिसतं, आणि दम लागल्याचं सार्थक होतं. जानेवारी 1904 च्या आगीत हे गाव जवळपास सगळं जळालं आणि तीनेक वर्षांत दगड-विटांत, त्या काळच्या नक्षीदार शैलीत पुन्हा उभं राहिलं. म्हणून गावातून जाणाऱ्या ब्रोसुंदेत खाडीच्या काठाने हिंडताना मान वर ठेवा. मनोरे बघा, दारांवरची कोरीव पानंफुलं बघा. मला तर तिथून पाय निघत नाही. या गावाचं पोट भरलं ते मासळीने, तेव्हा खारवून वाळवलेल्या कॉडचा टोमॅटोतला बाकालाओ खाच. सुक्या मासळीची सवय असलेल्यांना हमखास आवडेल. जुलैतही पावसाळी जाकीट न्या, छत्री तिथल्या वाऱ्यापुढे टिकत नाही.