वॉर्डमधल्या रुग्णाची तब्येत बिघडू लागली, तर ते वेळेत कसे कळते?

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वडील वॉर्डात आहेत, त्यांची तब्येत बिघडू लागली तर वेळेत कळते का आणि घरच्यांनी कशावर लक्ष ठेवावे, असे आपण विचारले आहे. सांगलीत २२ वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केल्यावर मी इतके खात्रीने सांगते की, बहुतेक वेळा ते काही तास आधी कळू शकते आणि सर्वांत आधी बदलणाऱ्या खुणांपैकी सर्वांत दुर्लक्षित खूण श्वासाची गती ही असते.

जंतुसंसर्ग पसरू लागला किंवा आत रक्तस्राव होऊ लागला की पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, रक्तातील आम्ल वाढते आणि ते आटोक्यात ठेवण्यासाठी शरीर जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, म्हणून श्वास जलद होतो. रक्तवाहिन्या मात्र आकसून बीपी बराच वेळ सावरून धरतात. त्यामुळे बीपी उतरेपर्यंत थांबले तर पुष्कळदा उशीर झालेला असतो. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते, पण श्वास मोजायला खाटेशी पूर्ण मिनिटभर उभे राहावे लागते. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे दोघीच असलो की ते मिनिट मिळत नाही आणि चार्टवर मागच्यासारखेच १८ लिहिले जाते. मीही तसे लिहिलेले आहे.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात होते. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांचं कायतरी बिनसलंय. सकाळधरनं बागेचा एक शब्द काढला नाही." चार्टवर १८ होते, मी मोजले तर श्वास २६ भरले. नाडी ११६, वरचे बीपी १०८, ऑक्सिजन ९४, ताप १०० फॅरनहाइट. यातला श्वास सोडला तर एकही आकडा एकट्याने घाबरवणारा नव्हता. आतड्याचा टाका सुटला होता. त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेले आणि ते वाचले.

असे आकडे एकत्र वाचता यावेत म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, वरचे बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे, ७ झाली की अतिदक्षतेतील अनुभवी डॉक्टरांना बोलवायचे. वर सांगितलेल्या गृहस्थांची बेरीज ७ येते. कागद, पेन आणि घड्याळ एवढ्यावर हे भागते, तरी आपल्याकडच्या कितीतरी वॉर्डांत ते होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आपण वडील शांत पडलेले असताना, त्यांना न सांगता, छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक समजतात. २५ किंवा त्याहून जास्त भरले, लघवी फार कमी झाली, हातपाय गार पडले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. सिस्टरांना "जरा बघा ना" एवढेच न म्हणता आकडा आणि वेळ सांगावी: "रात्री दहा वाजता श्वास २८ होते, दुपारी २० होते, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आत्ता बोलवा." सिस्टरलाही डॉक्टरांना फोनवर हेच सांगायचे असते, आणि रात्री दोन वाजता डॉक्टर आकड्यासाठी लवकर उठतात.