चिंगमिंगला डोंगरावर जाताना

प्रश्न : माझी लेक नोकरीसाठी हाँगकाँगला असते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला एप्रिलमध्ये आपल्या घरच्यांबरोबर पणजोबांच्या कबरीवर यायला सांगितलंय. परक्या घरच्या पितरांच्या कार्याला आपण जावं का? तिथे कागदी नोटा जाळतात म्हणे, त्यात तिने काय करायचं? आणि चिनी सण चंद्रावर चालतात ना, मग हा दरवर्षी ४-५ एप्रिललाच कसा येतो?
— एक आई

उत्तर : ताई, लेकीला जरूर जाऊ द्या. पितरांच्या कबरीवर कुणी वरवरच्या ओळखीत बोलावत नाही. यांच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं हाँगकाँगला काढली आणि शेजारच्या आजींच्या कुटुंबाबरोबर चिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या कबरी साफ करायच्या या सणाला, डोंगर चढले आहे. त्या घराशी माझं खरं नातं जुळलं ते तिथेच.

आधी तारखेचं सांगते. चिनी पंचांगात चंद्राच्या महिन्यांच्या जोडीला सूर्याच्या चालीवरून वर्षाचे २४ भाग पाडलेले असतात. चिंगमिंग हा त्यातला पाचवा, वसंतसंपातानंतर साधारण १५ दिवसांनी येणारा. म्हणून आपल्या मकरसंक्रांतीसारखा तोही इंग्रजी तारखेला धरून राहतो. त्याला लागूनच पूर्वी ‘थंड अन्नाचा सण’ असे, त्या दिवशी चूल पेटवत नसत. कबरीवर जाण्याची प्रथा मूळची त्या सणाची. इ. स. ७३२ मध्ये थांग घराण्यातल्या सम्राट श्वानझोंगने फर्मान काढून तिला विधीत जागा दिली. पुढे दोन्ही दिवस एकमेकांत मिसळले. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र या दिवसाची सरकारी सुट्टी २००८ पासूनची.

तुमच्या डोळ्यांसमोर रडण्याभेकण्याचं चित्र असेल तर ते काढून टाका. हा कामाचा दिवस आहे. तिकडच्या जुन्या कबरी डोंगरउतारावर, घोड्याच्या नालेसारख्या बांधलेल्या असतात. वर्षभरात गवत कमरेएवढं वाढतं, पावसाने माती खचते. त्यामुळे माणसं कोयते, झाडू, पाण्याचे कॅन घेऊन चढतात. पहिला तास नुसता गवत कापण्यात जातो.

मला सगळ्यात आवडायचं ते अक्षरं रंगवणं. आजींनी नातवाच्या हातात बारीक कुंचला आणि लाल रंगाची डबी दिली होती. दगडात कोरलेल्या नावाच्या खाचांतली माती त्याने आधी जुन्या टूथब्रशने काढली, मग एकेक रेघ भरायला घेतली. रंग खाचेबाहेर ओघळला की आजी बोटाला फडकं गुंडाळून पुसायच्या आणि ते अक्षर मोठ्याने म्हणायच्या. पोरगंही मागून म्हणायचं. खापरपणजोबांचं नाव त्याला त्या दिवशी पाठ झालं. पितरांचं स्मरण म्हणतात ते मला तरी यातच दिसलं.

मग नैवेद्य. दारूचे तीन पेले, चॉपस्टिक्स, उकडलेली कोंबडी, संत्री, आणि ऐपतीप्रमाणे भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू. उदबत्त्या लावून सगळे तीनदा वाकतात, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात. दारू जमिनीवर ओततात आणि नंतर तिथेच बसून सगळे जेवतात. लहान पोरं हसतात, खेळतात, कुणी दटावत नाही.

आता नोटांचं. पलीकडे पितरांना कमी पडू नये म्हणून कागदी पैसे जाळायचे, ही भावना. हल्ली कागदी घरं आणि मोबाइलही मिळतात. यातली माया मला कळते, पण आग लावायला माझा विरोध आहे. एप्रिलमध्ये सुकं गवत असलं तर एक ठिणगी पुरते. हाँगकाँगचं सरकार दरवर्षी वणव्याबद्दल बजावतं, आणि मुख्य भूमीवरच्या कित्येक शहरांनी उघड्यावर कागद जाळायला बंदी घालून फुलं वाहायला सांगितलंय. आजींकडे पत्र्याच्या डब्यात जाळून वर पाणी ओतत आणि राख गार झाल्याशिवाय कुणी उठत नसे. लेकीच्या हातात कुणी कागदाचा गठ्ठा दिला तर तिने दोन्ही हातांनी घ्यावा आणि एकेक कागद डब्यात सोडावा. मनाला पटत नसेल तर नुसतं वाकून नमस्कार केला तरी कुणाला वावगं वाटणार नाही.

जाताना पांढरी किंवा पिवळी शेवंती आणि थोडी फळं न्यावीत. भडक कपडे नकोत. बूट पक्के आणि बाह्या लांब हव्यात, डास फार चावतात. दुसऱ्यांच्या कबरींवर पाय पडू देऊ नये, त्यांचे फोटो काढू नयेत. त्या दिवशी मेट्रोला आणि बसला तोबा गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर निघावं. आणि ती शाकाहारी असेल तर मैत्रिणीला आधीच सांगून ठेवायला सांगा. नाहीतर भाजलेल्या डुकराचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा पाहुणी म्हणून तिच्याच वाट्याला येईल.