मनगटावरचे ऊनमापक यंत्र : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हातील अतिनील किरणांचे प्रमाण वाढले की थरथरून किंवा आवाज करून सावध करणारी छोटी यंत्रे आता मनगटी पट्टा, कपड्याला लावायचा बिल्ला किंवा त्वचेवरची चिकटपट्टी अशा रूपांत मिळू लागली आहेत. उन्हाळा तोंडावर आल्याने त्यांच्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलीने परदेशातून असा पट्टा पाठवला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ सकाळी अकराच्या सुमारास हवा छान थंड असताना तो सारखा थरथरत होता. साताऱ्यात मात्र दुपारी साडेचार-पाचला अंगाची लाही होत असताना तो गप्प बसतो. पट्टा बिघडला आहे का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : पट्ट्यात कोणताही बिघाड दिसत नाही. आपली अपेक्षा उकाडा मोजण्याची आहे आणि पट्टा मोजतो अतिनील किरण. या दोन गोष्टी एकाच सूर्यापासून येत असल्या तरी त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे. जमीन आणि तिच्यावरची हवा तापायला वेळ लागत असल्याने दिवसाचे कमाल तापमान साधारणतः दुपारी तीनच्या आसपास नोंदले जाते. अतिनील किरण मात्र सूर्य आकाशात किती उंच आहे यावर अवलंबून असतात. सूर्य कलला की त्याच्या किरणांना ओझोनच्या थरातून तिरपा आणि लांबचा प्रवास करावा लागतो, त्यात त्वचा भाजणारे किरण बरेचसे शोषले जातात आणि म्हणूनच पाच वाजता फुफाटा असला तरी पट्टा शांत राहतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि दर हजार मीटरमागे अतिनील किरण साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. थंड वाऱ्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही, माणूस डोके उघडे ठेवून तासन्‌तास फिरतो आणि परतल्यावर नाक व मानेची मागची बाजू हुळहुळू लागते.

पट्ट्यावर दिसणारा आकडा म्हणजे अतिनील निर्देशांक. ही मोजपट्टी १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांनी ती जगभरासाठी स्वीकारली. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६ व ७ जास्त, ८ ते १० फार जास्त आणि ११ पासून पुढे अतितीव्र अशी तिची प्रतवारी आहे. हा आकडा त्या क्षणीची तीव्रता सांगतो, दिवसभरात अंगावर किती पडले ते सांगत नाही. पावसाचा जोर आणि अंगणातल्या बादलीत साठलेले पाणी यांत जो फरक आहे तोच येथे आहे. चांगला पट्टा दोन्ही दाखवतो. निर्देशांकाचा एक अंश म्हणजे दर चौरस मीटरला २५ मिलिवॉट, म्हणजेच १० निर्देशांकाच्या उन्हात एक तास काढल्यास दर चौरस मीटरला ९०० ज्यूल एवढी मात्रा होते. आपल्याकडच्या गव्हाळ त्वचेला लाली यायला ढोबळमानाने ४०० ते ६०० ज्यूल पुरतात. हा हिशेब अर्ध्या ते पाऊण तासाच्या घरात जातो, आणि पट्टा थरथरतो तो याच हिशेबावर.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. पट्टा पहिल्यांदा सुरू करताना त्वचेचा प्रकार विचारला जातो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सहा गटांपर्यंत (पहिला सर्वांत गोऱ्या, सहावा सर्वांत काळ्या त्वचेचा) वाढलेल्या वर्गवारीवर तो प्रश्न आधारलेला असतो, आणि आपण बहुतेक जण त्यात चौथ्या किंवा पाचव्या गटात येतो. गट जितका वरचा तितकी पट्टा अधिक सूट देतो. ही सूट फक्त लाली येण्यापुरती आहे. त्वचा रापणे, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या त्यापेक्षा कमी मात्रेतही हळूहळू होत राहतात. शिवाय सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. त्यामुळे "अजून २० मिनिटे शिल्लक" असे पडद्यावर आले तर ती परवानगी समजू नये.

पट्टा घरी राहिला तर सावली पाहावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण तीव्र आहेत असे समजायला हरकत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत पट्ट्याने निराळे काही सांगण्याची गरज नसते.

प्रश्न : माझ्या स्मार्टवॉचवर अतिनील निर्देशांक दिसतो. वर्गातही, बाहेरही तोच आकडा असतो. मग ते मोजते तरी काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बहुधा काहीच मोजत नाही. अनेक घड्याळांवर, ॲपल वॉचवरही, दिसणारा हा आकडा हवामान सेवेकडून आलेला अंदाज असतो; तो शहराचा असतो, आपल्या मनगटाचा नसतो. किरण प्रत्यक्ष मोजणारा संवेदक (सेन्सर) असलेली उपकरणे थोडी आहेत आणि त्यांचे बाजारातले आयुष्यही फारसे दीर्घ ठरलेले नाही. २०१४ हे वर्ष त्या दृष्टीने उत्साहाचे होते. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ४ या फोनच्या पाठीवर असा संवेदक होता, मायक्रोसॉफ्टच्या मनगटी पट्ट्यात होता, आणि नेटॅट्मो या फ्रेंच कंपनीने दागिन्यासारखे दिसणारे ब्रेसलेट त्याच सुमारास आणले होते. पुढे २०१८ मध्ये लॉरिआलने नखावर चिकटवण्याजोगे, बॅटरीशिवाय चालणारे आणि फोन जवळ नेल्यावर नोंद देणारे यंत्र दाखवले.

संवेदक आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे. भर दुपारी घड्याळ उघड्या उन्हात धरावे आणि मग त्यावर तळहात ठेवावा. आकडा जराही हलला नाही, तर तो अंदाज आहे. हलला तरी दुसरी परीक्षा घ्यावी: तेच घड्याळ बंद खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हात ठेवावे. साधी काच त्वचा भाजणारे आखूड तरंगलांबीचे किरण जवळपास पूर्ण अडवते, त्यामुळे खऱ्या संवेदकाचा आकडा तळाशी यायला हवा. काही उपकरणांतल्या स्वस्त चकत्या (चिप) दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण मोजून त्यांवरून अतिनील निर्देशांकाचे गणित मांडतात. अशी चकती काचेमागेही बिनधास्त मोठा आकडा दाखवते.

खरा संवेदक असला तरी तो बसतो मनगटावर. स्कूटर चालवताना मनगटाची वरची बाजू आकाशाकडे असते, चालताना ती बाजूला वळते, आणि सनकोटाची बाही खाली आली की पट्ट्याच्या लेखी सूर्य मावळतो. नाक, कान आणि टाळू यांची मात्रा त्यावरून अचूक कळेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. टोपीवर किंवा खांद्यावर लावायचा बिल्ला त्या मानाने बरा.

प्रश्न : मला ल्युपस आहे आणि डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितले आहे. असा पट्टा घ्यावा का? माझ्या भावाला कोड आहे, त्यालाही उपयोग होईल का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांमध्ये या यंत्राची खरी गरज आपल्या घराला आहे असे आम्हाला वाटते; परंतु ते जसे कारखान्यातून येते तसे वापरू नये.

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, असताना केवळ त्वचा भाजणे एवढाच धोका नसतो. उन्हाने पुरळ उठते, सांधे दुखू लागतात आणि कधी कधी आजार पुन्हा उफाळतो. हे लालीच्या मात्रेपेक्षा कमी उन्हातही घडू शकते. त्यामुळे यंत्राने त्वचेच्या प्रकारावरून काढलेली मर्यादा आपल्यासाठी निरुपयोगी आहे. यंत्रात सोय असल्यास निर्देशांक ३ झाला की सूचना मिळेल असे ठरवून घ्यावे आणि किती मिनिटे उरली हा हिशेब पाहूच नये. दुसरे म्हणजे काचेचा प्रश्न. निर्देशांकात आखूड किरणांना फार मोठे वजन दिलेले असते, तर ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे लांब किरण, ज्यांना अतिनील ए म्हणतात, साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात आणि त्यांचाही ल्युपसच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो. मोटारीची पुढची काच दोन थरांची असल्याने त्यांतले बहुतेक किरण अडवते. बाजूच्या काचांचे तसे नाही. एसटीच्या खिडकीपाशी बसून कोल्हापूर ते पुणे प्रवास करताना पट्टा शून्याच्या जवळ राहील आणि उन्हाकडची बाजू तरी किरण झेलत राहील. खिडकीचे आसन टाळणे किंवा ओढणी व पूर्ण बाही हा तेथे उपाय आहे.

भावाच्या बाबतीत चूक होते ती नोंदणीच्या वेळी. उरलेल्या अंगाचा रंग पाहून चौथा किंवा पाचवा गट निवडला जातो, पण कोडाच्या पांढऱ्या डागांत रंगद्रव्य नसते आणि ते फार लवकर भाजतात. त्यांनी पहिला गटच निवडावा. कोडावर अतिनील प्रकाशाचे उपचार चालू असतील, तर दवाखान्यात मिळणारी मात्रा यंत्राला ठाऊक नसते. त्या दिवशीच्या उन्हाबद्दल त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.

याच ओघात औषधांविषयी सांगतो, कारण तिघांनी त्याबद्दल विचारले आहे. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी पावसाळ्यात दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन आणि रक्तदाबासाठीची हायड्रोक्लोरोथायझाइड या दोन्ही औषधांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते. गोळी आपण होऊन थांबवू नये. ऊन टाळावे आणि डॉक्टरांना कळवावे. चेहऱ्यावर वांग असणाऱ्यांनीही पट्ट्यावर विसंबू नये, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश या यंत्रांच्या हिशेबात नसतो.

प्रश्न : सनस्क्रीन लावल्यावर यंत्राला ते कळते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आपण फोनमध्ये नोंदवलेल्या एसपीएफच्या, म्हणजे लेप भाजण्यापासून किती संरक्षण देतो त्याच्या, आकड्यावर ते विश्वास ठेवते. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून काढलेला असतो आणि आपण साधारणतः त्याच्या निम्म्याहून कमी लावतो. रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्यांवर मात्र सनस्क्रीनही चोपडता येते, त्यामुळे लेप घामाने उतरला की पट्टीचा रंग बदलतो. ही युक्ती आम्हाला महागड्या पट्ट्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. दोन तासांनी लेप पुन्हा लावायची आठवण फोनचा गजरही देतो.

प्रश्न : आम्ही दोघे डिसेंबर-जानेवारीत मुलाकडे मेलबर्नला जाणार आहोत. तेथले ऊन फार वाईट असते असे तो सांगतो. पट्टा घेऊन जावा का? आम्ही तर सोलापूरच्या उन्हात वाढलो.
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. तेव्हा तेथे भर उन्हाळा असतो आणि २२ अंश तापमानाच्या आल्हाददायक दिवशीही निर्देशांक ११ च्या पुढे जाऊ शकतो. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे तेथील उन्हाळ्याला ऊन थोडे अधिकच मिळते. उन्हाळ्यात तेथे घड्याळ एक तास पुढे केलेले असल्याने माध्यान्ह दुपारी सव्वा ते दीडच्या दरम्यान येते. म्हणून सोलापूरच्या सवयीने "चार वाजले, आता निघू" असे न म्हणता पाचनंतर, निर्देशांक ३ च्या खाली आला की फिरायला निघावे. पट्ट्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियाची किरणोत्सर्ग सुरक्षा संस्था मोठ्या शहरांतले मोजमाप प्रत्यक्ष प्रसारित करते, आणि सनस्मार्ट हे मोफत ॲप कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत काळजी घ्यायची ते सांगते. निर्देशांक ३ किंवा अधिक असेल ती वेळ. आपल्या त्वचेला तेथील गोऱ्या लोकांएवढा कर्करोगाचा धोका नसला तरी डोळ्यांना रंगद्रव्याचे संरक्षण मिळत नाही, तेव्हा गॉगल न्यावा. रुंद कडांची टोपीही न्यावी. तेथील अनेक शाळांत टोपीवाचून मुलांना मैदानावर खेळू देत नाहीत, त्यामुळे नातवंडे बरोबर असतील तर ती आठवण करून देतीलच.

प्रश्न : रस्त्याच्या कामावर माझे चाळीस मजूर आहेत. एका विक्रेत्याने उन्हाची सूचना देणारे पट्टे घाऊक दराने देऊ केले आहेत. घ्यावेत का?
— एक कंत्राटदार, नागपूर

उत्तर : घेऊ नयेत. आपल्या मजुरांचा जीव अतिनील किरणांनी नव्हे, उष्माघाताने धोक्यात येतो, आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पारा सर्वांत चढलेला असतो तेव्हा हा पट्टा उतरता आकडा दाखवत असतो. साडेतीन वाजता ४५ अंशांत काम करणाऱ्याच्या हातावर "मध्यम" असे दिसले, तर मुकादम त्याचा काय अर्थ लावील याचा विचार करावा. विक्रेत्याला यंत्र तापमान व आर्द्रता मोजते का, एवढे विचारून पाहावे. केवळ अतिनील किरण मोजत असेल, तर ते या कामाचे नाही.

त्याच पैशात शेडनेटचा मांडव, पाण्याचे रांजण, ओआरएसची पाकिटे आणि मानही झाकणाऱ्या टोप्या येतील. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा सकाळी पाहून कामाची वेळ ठरवावी. मे महिन्यात पहाटे सुरू करून अकरापर्यंत उरकणे आणि उरलेले काम संध्याकाळी घेणे हा विदर्भात रुळलेला मार्ग आहे. कामावर नव्याने आलेल्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्यावे, कारण शरीराला उकाड्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. एखादा मजूर असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये.